स्टिअरिंग किती मोठे, किती गोल?

साधी यंत्रे शिकवताना चाक आणि आस यांचे उदाहरण म्हणून आपण विहिरीवरचा रहाट सांगतो आणि लगेच मोटारीच्या स्टिअरिंगकडे वळतो. चाक जितके मोठे तितके बल कमी लागते, असे फळ्यावर लिहिले की धडा पुढे सरकतो. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, ‘मग शर्यतीच्या गाडीचे स्टिअरिंग इतके लहान का? आणि ते तर गोलसुद्धा नसते!’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सूत्रात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे इतिहासात आहे.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीला स्टिअरिंगचे चक्र नव्हतेच. त्या काळच्या बहुतेक गाड्या होडीच्या सुकाणूसारख्या एका दांड्याने वळवल्या जात. घोड्याच्या चालीने जाणाऱ्या गाडीला दांडा पुरेसा होता. पण दांडा फिरवायला हाताच्या कक्षेएवढीच जागा मिळते. तेवढ्याच हालचालीत पुढची चाके पूर्ण वळवायची, म्हणजे हात जरासा हलला तरी गाडी बरीच वळणार. शिवाय रस्त्यावरच्या दगडाचा धक्का थेट मुठीत येणार.

एमिल लव्हासोर याने १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस हे जवळजवळ १,२०० किलोमीटरचे अंतर सुमारे ४९ तासांत अशाच दांड्याच्या गाडीने कापले. पुढच्याच वर्षी पॅरिस-मार्सेय-पॅरिस शर्यतीत आडव्या आलेल्या कुत्र्याला चुकवताना त्याला भीषण अपघात झाला आणि १८९७ मध्ये तो वारला. या अपघाताचे सगळे खापर स्टिअरिंगवर फोडणे योग्य होणार नाही. पण वेग वाढला तशी नेमके वळवण्याची गरज वाढली, एवढे नक्की. १८९४ च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानार गाडीला गोल चक्र बसवले होते. पानार कंपनीने ते आपल्या गाड्यांना सरसकट बसवायला सुरुवात केली १८९८ पासून.

चक्राचा खरा फायदा कोणता? ते पुन्हा पुन्हा फिरवता येते. म्हणून चक्र आणि चाके यांच्यामध्ये दंतचक्रे घालून हाताच्या मोठ्या हालचालीचे चाकांच्या लहान हालचालीत रूपांतर करता येते. बल कमी लागते आणि नेमकेपणा वाढतो. दोन-तीन फेरे घ्यायचे तर एक हात सोडून दुसऱ्याने पकडावे लागते, आणि हात जिथे पडेल तिथे कड सापडायलाच हवी. ही अट पुरी करणारा आकार एकच: वर्तुळ. म्हणजे स्टिअरिंग गोल आहे ते सुबकपणासाठी नव्हे, फेऱ्यांसाठी.

आता मापाकडे वळू. समजा, चक्राला १२ न्यूटन-मीटर आघूर्ण द्यायचे आहे. चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या २० सेंटिमीटर असेल, तर कडेवर ६० न्यूटन बल लागेल. व्यास ३५ सेंटिमीटर केला, तर सुमारे ६९ न्यूटन. पाव फेरा फिरवताना पहिल्या चक्रावर हात ३१.४ सेंटिमीटर सरकतो, दुसऱ्यावर २७.५. दोन्ही वेळा गुणाकार करून पाहा: कार्य सुमारे १९ ज्यूलच येते. लहान चक्र हाताची हालचाल वाचवते आणि त्याची किंमत बलात वसूल करते. स्पोर्ट्स कारचे चक्र निवडणे म्हणजे हा सौदा कुठे तोडायचा ते ठरवणे.

१९५० च्या दशकापर्यंत शर्यतीच्या गाड्यांत तो मोठ्या चक्राच्या बाजूने तुटत असे. इंजिन पुढे असल्याने त्याचे वजन पुढच्या चाकांवर पडे आणि हाताच्या मदतीला काहीच नसे. १९५७ च्या जर्मन ग्रां प्रीमध्ये फांजिओने न्युरबुर्गरिंगच्या वळणावळणाच्या मार्गावर मासेराटी २५०एफ ही गाडी साडेतीन तास, सुमारे ५०० किलोमीटर चालवून शर्यत जिंकली, तीही भल्यामोठ्या लाकडी कडेच्या चक्राने. पूर्वीचे चालक अशा चक्राला छातीशी घेऊन, कोपरे दुमडून बसत. १९५० चा पहिला जगज्जेता नीनो फारिना हात लांब पसरून, मागे रेलून बसे. स्टर्लिंग मॉसने ही बैठक त्याच्यापासूनच उचलली.

पुढे बदल घडवला तो इंजिनाच्या जागेने. कूपर कंपनीने इंजिन चालकाच्या मागे नेले, आणि त्या गाडीने जॅक ब्रॅबम १९५९ चा जगज्जेता झाला. पुढच्या चाकांवरचा भार कमी, म्हणून वळवायला लागणारे बलही कमी. १९६२ च्या लोटस २५ मध्ये कॉलिन चॅपमनने चालकाला जवळजवळ आडवेच केले, कारण गाडी जितकी बुटकी तितका हवेचा विरोध कमी. त्या अरुंद जागेत मोठे चक्र मावणारच नव्हते, आणि गाडी हलकी असल्याने त्याची गरजही उरली नव्हती. मुठीचाही विचार याच सुमारास झाला. जानपिएरो मोरेत्ती या इटालियन शर्यतपटूने स्वतःसाठी जाडसर कडेचे चक्र बनवून घेतले. १९६४ मध्ये जॉन सर्टीस फेरारीत तसे चक्र वापरून जगज्जेता झाला, आणि ‘मोमो’ हे नाव प्रसिद्ध झाले. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारसाठी ३५ ते ३८ सेंटिमीटर व्यास रूढ झाला. (मात्र आजच्या गाडीत चक्राच्या पोटात एअरबॅग असते, हौस म्हणून चक्र बदलणे म्हणजे ती काढून टाकणे.)

वर्तुळ मोडले ते शर्यतीतच. १९८९ च्या फेरारी ६४० मध्ये जॉन बार्नार्डने गिअर बदलण्याच्या पट्ट्या चक्राच्या मागे बसवल्या. मॅन्सेलने तिच्या पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, विजय मिळवला. पण शर्यत चालू असताना थांबून त्याला स्टिअरिंगच बदलून घ्यावे लागले! आज फॉर्म्युला वनच्या चालकाचे हात दोन्ही बाजूंच्या मुठींवरून हलत नाहीत, कारण तिथल्या वळणांना एक पूर्ण फेरा कधी लागतच नाही. फेरेच नाहीत, तर वर्तुळ कशाला?

हे न पाहता नुसता आकार उचलला की फसगत होते. १९७३ मध्ये ऑस्टिन अ‍ॅलेग्रो या साध्या ब्रिटिश मोटारीला गोलसर कोपऱ्यांचे चौकोनी चक्र दिले होते. ग्राहकांना ते रुचले नाही आणि थोड्याच वर्षांत गोल चक्र परत आले. टेस्लाने २०२१ मध्ये ‘मॉडेल एस’ला वरची कड नसलेले स्टिअरिंग दिले, पण दोनहून अधिक फेऱ्यांची यंत्रणा तशीच ठेवली. गाडी मागेपुढे करून जागेवर लावताना हात कड शोधायचा आणि कड तिथे नसायची. २०२३ मध्ये कंपनीने गोल चक्राचा पर्याय दिला. त्याच वर्षी आलेल्या तिच्या ‘सायबरट्रक’मध्ये चक्र आणि चाके यांना जोडणारा दांडाच नाही. चाके विद्युत-संदेशावर वळतात, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला एक पूर्ण फेराही लागत नाही. तिचे चक्र चौकोनीकडे झुकणारे आहे.