नाडीची मोजदाद

नाडी पाहण्याची विद्या फार जुनी आहे. नाडी मोजण्याची त्या मानानें अलीकडची. शार्ङ्गधरसंहितेंत वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, असें सांगितलें आहे. तेथें विचार चालीचा आहे, संख्येचा नाहीं. संख्येला काळाचें बारीक माप लागतें, आणि तें माप वैद्यांच्या हातीं फार उशिरां आलें.

सतराव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील सांतोरिओ या वैद्यानें दोऱ्याला वजन टांगून एक साधन केलें. लंबकाचा झोका नाडीच्या ठोक्याशीं जुळेपर्यंत दोरा लांब-आखूड करावयाचा. दोऱ्याची लांबी हेंच नाडीचें माप. पुढें इंग्लंडांत सर जॉन फ्लॉयर यांनीं बरोबर एक मिनिट चालणारें घड्याळ करवून घेतलें व १७०७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मिनिटाला इतके ठोके, ही भाषा वैद्यकांत हळूहळू रुजली. मात्र या साधनांना स्वस्थ बसलेला माणूस लागे.

धांवणाऱ्याची नाडी मोजावयाची तर अडचण दुहेरी. हात हलत असतां बोटाला ठोका नीट लागत नाहीं. आणि थांबून मोजावें तर तेवढ्यांत हृदयाचा वेग उतरूं लागतो. यांतून वाट निघाली ती विजेमुळें. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. हॉलंडांतील लायडन येथें आइन्टहोव्हेन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं त्याचा स्पष्ट आलेख काढला. १९२४ चें नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळालें. पण त्या यंत्राला जोडलेल्या माणसाला मिठाच्या पाण्यांत हात-पाय बुडवून बसावें लागे. अमेरिकेंत नॉर्मन होल्टर यांनीं हा आलेख बिनतारी रीतीनें पाठविला, तेव्हां पाठीवरचें ओझें सुमारें ८५ पौंड होतें. १९६३ सालीं सिॲटल येथील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनीं ट्रेडमिलवरील, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरील, परीक्षा नियमबद्ध केली. दर तीन मिनिटांनीं पट्ट्याचा वेग व चढ वाढवावयाचा आणि आलेखावर नजर ठेवावयाची, अशी ती रीत. आतां ठोक्यांचा आंकडा केवळ कुतूहलाचा राहिला नाहीं. दुखणाईत हृदयाला किती श्रम झेपतील, हें ठरवितांना तो जमेस धरला जाऊं लागला.

यानंतर ओझें झपाट्यानें घटलें. १९८२ सालीं फिनलंडांतील पोलर या कंपनीनें छातीला बांधावयाचा पट्टा आणि त्याचा आंकडा बिनतारी दाखविणारें मनगटी यंत्र विक्रीस आणलें. पट्टा विजेवरच विसंबे. अलीकडच्या घड्याळांनीं मात्र निराळा मार्ग धरला. तीं मनगटावर हिरवा प्रकाश टाकतात. रक्त हा प्रकाश शोषून घेतें. ठोक्यागणिक त्वचेंतील रक्त कमी-अधिक होतें, तसा परतणारा प्रकाशहि कमी-अधिक होतो. युक्ति सुंदर आहे. पण हात झुलूं लागला कीं घड्याळ सरकतें आणि रक्तहि हलतें. शिवाय धांवणाऱ्याच्या पावलांचा ताल पुष्कळदां नाडीच्याच जवळपास असतो, आणि यंत्र पावलांनाच ठोके समजून बसतें.

अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिकमध्यें पन्नास निरोगी माणसांना ट्रेडमिलवर चालवून व धांववून याची पारख झाली. निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. विद्युत्-आलेखाशीं संपूर्ण मेळ म्हणजे १, असें धरल्यास छातीपट्ट्याचा मेळ ०.९९ भरला, चार मनगटी यंत्रांचा ०.९१ ते ०.८३. त्यांतल्या उत्तम दोहोंतहि कांहीं वेळां पंचवीस-तीस ठोक्यांचा फरक पडला. विश्रांतींत मेळ चांगला होता. श्रमाबरोबर तो ढळला. २०२० सालीं ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्वचेच्या वर्णाचाहि प्रश्न तपासला. वर्णामुळें लक्षणीय फरक आढळला नाहीं. हालचालींत मात्र चूक विश्रांतीपेक्षां सरासरीनें ३० टक्क्यांनीं अधिक निघाली.

चारशें वर्षांच्या या प्रवासांत साधन हलकें झालें, स्वस्त झालें, घरोघर पोंचलें. पण प्रकाशावर चालणारें हें यंत्र विसाव्याच्या वेळीं, म्हणजे बोटानेंहि काम भागतें तेव्हां, खरें बोलतें; श्रमाच्या वेळीं, गरज असते तेव्हां, अडखळतें. निरोगी माणसाला पांच-दहा ठोक्यांच्या चुकीनें कांहीं बिघडत नाहीं. ज्याला वैद्यानें अमुक ठोक्यांपुढें जाऊं नको असें बजावलें आहे, त्यानें मात्र मनगटावरील आंकड्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. छातींत कळ आली, घेरी आली किंवा श्वास पुरेनासा झाला, तर घड्याळ कांहींहि सांगो, पट्टा थांबवावा.