भिंतीपलीकडचा रस्ता : औरंगाबाद, २६ एप्रिल १९९३

जळगाव शहरातल्या मेहरूणपासून जवळच, कुसुंब्याच्या शिवारात शहराचं विमानतळ आहे. २०१२मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. २०१७च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान मुंबईला गेलं. मग सेवा बंद पडली, २०१९मध्ये पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली आणि २०२४मध्ये नव्याने उभी राहिली. खानदेशातले व्यापारी, केळी उत्पादक, उद्योजक आणि लोकप्रतिनिधी एकत्र बसले की मागण्या ठरलेल्या असतात: आणखी शहरं जोडा, मोठी विमानं आणा, धावपट्टी लांबवा. या मागण्या रास्त आहेत. पण यादीत सर्वांत वर एक वेगळीच मागणी असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ती का, हे दीडशे किलोमीटरवरच्या एका शहरात एका दुपारी जे घडलं, ते वाचल्यावर कळेल. ते शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

शनिवार, २४ एप्रिल १९९३ : दिल्ली ते अमृतसर

इंडियन एअरलाइन्सचं दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं बोइंग ७३७, उड्डाण क्रमांक आयसी-४२७, हवेतच पळवलं जातं. अपहरणकर्त्याला ते देशाबाहेर न्यायचं असतं, पण लाहोरला उतरायची परवानगी मिळत नाही. विमान अमृतसरला उतरतं. सगळ्या देशाचं लक्ष त्या एका धावपट्टीकडे लागतं.

रविवार, २५ एप्रिल, मध्यरात्रीनंतर १ वाजून ५ मिनिटं

राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो विमानात शिरतात. काही मिनिटांत कारवाई संपते. प्रवासी सुखरूप सुटतात, अपहरणकर्ता ठार होतो. दारं कशी उघडायची, कोणी कुठून शिरायचं, आदेश कोणाचा, हे सगळं आधीच ठरलेलं होतं आणि त्याचा सराव झालेला होता. म्हणूनच ते जमलं.

पुढच्या दिवसाकडे जाताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. बंदुकीच्या धोक्यासाठी देशाजवळ तयारी होती, माणसं होती, जबाबदारी नेमून दिलेली होती.

सोमवार, २६ एप्रिल, सकाळ : दिल्ली

त्याच कंपनीचं दुसरं विमान, बोइंग ७३७-२००, आयसी-४९१ म्हणून निघतं. मार्ग दिल्ली, जयपूर, उदयपूर, औरंगाबाद, मुंबई. पर्यटकांच्या सोयीचा हा मार्ग. राजस्थानातले किल्ले आणि महाल पाहून अजिंठा-वेरूळ, आणि तिथून मुंबई. एकच विमान टप्प्याटप्प्याने थांबत, माणसं उतरवत-चढवत जातं.

त्याच दिवशी : बीड रस्ता

औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीचं पूर्वेकडचं टोक जिथे संपतं, त्याच्या पुढ्यातून बीडचा रस्ता जातो. मराठवाड्याच्या मालवाहतुकीची ही मोठी वाट. त्या दिवशी उत्तरेकडून दक्षिणेकडे निघालेल्या वाहनांमध्ये रुईच्या गाठींनी भरलेला एक ट्रक आहे. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली एक गाठ साधारण १७० किलोची असते. ट्रकवर अशा गाठी रचल्या की त्याची उंची आणि वजन किती होतं, हे कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ट्रकचालक सरकारी रस्त्याने चालला आहे. त्या रस्त्याने जाणं हा गुन्हा नाही.

दुपार, एकच्या आधीची वेळ : चिकलठाणा

विमान औरंगाबादला उतरतं. आता शेवटचा टप्पा उरला आहे, मुंबईचा. विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी, एकूण ११८ जण. विमान भरलेलं आहे.

इथे तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली उंची: चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८३ मीटर वर आहे. दुसरं ऊन: एप्रिलअखेरची भर दुपार. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांची ताकदही घटते, म्हणून विमानाला जास्त अंतर धावावं लागतं. तिसरी गोष्ट धावपट्टीची: तेव्हा ती सुमारे ६,००० फुटांची होती, म्हणजे १,८०० मीटरच्या थोडी पुढे. जेट विमान तिथून उडू शकत होतं, पण चुकीला फारशी जागा उरत नव्हती.

अशा जागी दोन गोष्टी चोख व्हाव्या लागतात. वैमानिकाने ठरल्या वेगाला, ठरल्या पद्धतीने विमानाचं नाक उचलायचं. आणि टोकापुढचा रस्ता त्या मिनिटापुरता मोकळा असायचा. पहिलं काम विमान कंपनीचं. दुसऱ्याची जबाबदारी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची. हे प्राधिकरण १९८६पासून देशांतर्गत विमानतळांचा कारभार पाहत होतं.

दुपारी एकच्या सुमारास : धावपट्टीचं पश्चिम टोक

विमान पूर्वेकडे तोंड करून उभं राहतं आणि इंजिनं पूर्ण ताकदीने फिरू लागतात. धाव सुरू होते.

उड्डाणापूर्वी त्या दिवसाचं वजन, तापमान आणि वारा धरून काही वेग काढलेले असतात. त्यातला एक म्हणजे नाक उचलण्याचा वेग. तो आला की दांडा मागे ओढायचा. फार हळू नाही, फार जोरात नाही. अशा विमानाचा त्या क्षणीचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटर. नाक उचलायला तीन सेकंद उशीर झाला तर विमान २०० मीटर पुढे निघून गेलेलं असतं, तेही जमिनीवरच.

त्या दुपारी नाक उशिरा उचललं गेलं, आणि उचलण्याची पद्धतही चुकली. चौकशीने हे नोंदवलं आहे. विमान जवळपास धावपट्टी संपतानाच जमिनीवरून सुटलं.

पुढचे काही सेकंद : बीड रस्ता

टोकापुढे रस्ता आहे आणि रस्त्यावर रुईचा ट्रक आहे.

विमानाची डावी चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकच्या डाव्या बाजूला आदळतो. धडक बसते ती रस्त्यापासून जेमतेम सात फुटांवर. ११८ माणसं घेऊन निघालेलं विमान त्या क्षणी एवढ्याच उंचीवर होतं.

ट्रक तिथे नसता तर काय झालं असतं? नाक उशिरा उचललं गेलं होतं हे खरं. पण विमान जमिनीवरून सुटलं होतं, हेही खरं. वाटेत ट्रक आला नसता, तर त्याला वर चढायची संधी होती. म्हणून या सात फुटांचा हिशेब वैमानिकांच्या खात्यावर टाकून गप्प बसणं मला मान्य नाही.

त्यानंतर : तीन किलोमीटर

जखमी विमान काही क्षण हवेत राहतं आणि ईशान्येकडे सरकतं. धावपट्टीपासून जवळपास तीन किलोमीटरवर ते उच्चदाबाच्या विजेच्या तारांना धडकतं आणि जमिनीवर कोसळतं. विमान फुटतं, आग लागते.

त्या दिवसाचा शेवट

११८ पैकी ५५ जण गेले. ६३ वाचले.

दीड दिवसापूर्वी अमृतसरमध्ये याच कंपनीच्या विमानातले प्रवासी सुखरूप सुटले होते. ज्या धोक्यासाठी कमांडो तयार होते, त्यात प्रवासी वाचले. ज्या धोक्यासाठी रस्त्यावर वाहनं थांबवणारं कोणी हवं होतं, त्यात ५५ माणसं गेली.

चौकशीनंतर

चौकशीने अपघाताची दोन संभाव्य कारणं एकत्र मांडली. पहिलं, वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं. दुसरं, विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरलं.

दुसरं कारण मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे रेल्वे गाडी येण्याआधी फाटक पडतं. गाडी वेळेवर आहे की उशिरा, चालक नवा आहे की जुना, यावर फाटक अवलंबून नसतं. माणूस चुकेल हे धरूनच ते बांधलेलं असतं. धावपट्टीच्या टोकाचा रस्ताही तसाच धरायला हवा. जिब्राल्टरमध्ये शहराचा मुख्य रस्ता धावपट्टीला छेदूनच जायचा. तिथे कित्येक वर्षं विमानाच्या वेळी अडसर टाकून वाहनं थांबवली जात, आणि २०२३मध्ये वाहनांसाठी भुयारी मार्ग सुरू झाला. म्हणजे रस्ता आणि विमान एकमेकांच्या वाटेत येणं हे काही असाध्य दुखणं नव्हे. त्यासाठी विमानतळ, पोलीस, बांधकाम खातं आणि जिल्हा प्रशासन यांनी एका टेबलावर बसून कोणी काय करायचं हे लिहून ठेवावं लागतं.

१९९५मध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही प्राधिकरणं एक होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण बनलं. चिकलठाण्याची धावपट्टी पुढे वाढवून ९,३०० फुटांची झाली. पण विमानतळाच्या भिंतीबाहेरचा प्रश्न देशात संपला नाही. २०१०मध्ये मंगळूरला विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं आणि १५८ जणांचा बळी गेला. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली. बंब आणि रुग्णवाहिकांना अपघातस्थळी नेणारे अरुंद, वळणावळणाचे रस्तेही तिथे अडचणीचे ठरले होते. पुन्हा तेच: भिंतीच्या आत सगळं तयार, भिंतीबाहेरचा रस्ता कोणाचाच नाही.

आज : मेहरूण आणि खानदेश

जळगावची धावपट्टी १,७०० मीटरची आहे, म्हणजे १९९३च्या चिकलठाण्यापेक्षा थोडी कमीच. आज इथे येणाऱ्या एटीआर विमानांना ती पुरते. मोठी विमानं येतील तेव्हा गणित बदलेल. म्हणूनच आत्ता, विस्ताराची मागणी करतानाच, भिंतीबाहेरच्या कामाची मागणी व्हायला हवी.

पहिली गोष्ट रस्त्यांची. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडचा प्रत्येक रस्ता आणि शिवाररस्ता नकाशावर असावा. तिथे उभी राहणारी क्रेन, मोबाइल टॉवर, विजेचा खांब यांची परवानगी कोण तपासतं, हे गावालाही ठाऊक असावं. कुसुंब्यातल्या एखाद्याला काही धोकादायक दिसलं, तर फोन कोणाला करायचा? त्याचं उत्तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं असावं.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल किंवा पक्ष्यांना आकर्षित करील असा कचरा टाकण्यास विमान नियमांनी बंदी केली आहे. मेहरूण आणि जवळपास सगळं जळगाव शहर त्या वर्तुळात येतं. मेहरूण तलावावर पक्षी यायलाच हवेत, ते आपलं वैभव आहे. पण काठावर आणि आसपास कचऱ्याचे ढीग असतील तर त्यावर घिरट्या घालणाऱ्या घारींची अडचण थेट इंजिनापर्यंत पोहोचते. विसर्जनानंतरची सफाई, मांसविक्रीच्या कचऱ्याची विल्हेवाट, रोजचा घनकचरा ही कामं महापालिकेची आहेत, आणि विमानतळासाठीही ती तितकीच निकडीची आहेत.

तिसरी गोष्ट मदतीची. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विमानतळाचा बंब तीन मिनिटांत धावपट्टीच्या टोकापर्यंत पोहोचायला हवा, आणि दर दोन वर्षांनी सगळ्या यंत्रणांचा मिळून पूर्ण सराव व्हायला हवा. पण औरंगाबादला विमान धावपट्टीपासून तीन किलोमीटर दूर पडलं होतं. २०२१मध्ये शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळलं आणि प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, तेव्हा जखमी प्रशिक्षणार्थी मुलीपर्यंत आधी पोहोचले ते आदिवासी गावकरी. डोंगरातून तिला खाली आणलं तेही त्यांनीच. सरावात अशा गावांना बोलावलं पाहिजे. कुसुंबा, नशिराबाद, मेहरूण इथले तरुण, सरकारी रुग्णालय, महापालिकेचं अग्निशमन दल, महावितरण, सगळे त्यात हवेत.

चौथी गोष्ट एकत्र येण्याची. जळगाव, शिरपूर, धुळ्याची गोंदूरची धावपट्टी, शिर्डी, ओझर आणि छत्रपती संभाजीनगर ही विमानतळं आणि धावपट्ट्या एकमेकांपासून फार दूर नाहीत. लहान विमानतळाला पक्षीतज्ज्ञ, बंबचालकांचं प्रशिक्षण, धावपट्टीची तपासणी हे सगळं एकट्याने परवडत नाही. एकत्र परवडेल. आणि दिल्लीत किंवा मुंबईत मागणी करायची झाली, तर सहा जणांच्या एका निवेदनाला एकट्याच्या सहा निवेदनांपेक्षा जास्त वजन येईल.

खानदेशातल्या खासदारांनी, आमदारांनी, उद्योजकांच्या संघटनांनी विमानतळाच्या पुढच्या बैठकीत नव्या शहराचं नाव मांडण्याआधी एक प्रश्न विचारावा: भिंतीबाहेर धोका दिसला तर तो थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि तो अधिकारी या बैठकीत हजर आहे का? त्याचं नाव इतिवृत्तात लिहिलं जात नाही, तोवर बैठक संपवू नये. १९९३मध्ये बीड रस्त्याबाबत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर ५५ घरांवर ती दुपार ओढवली नसती.