समुद्राचें मीठ आणि पृथ्वीचें वय

समुद्राचें पाणी खारें कां, असें मुलानें विचारिलें म्हणजे आपल्या घरांत अगस्तीनें समुद्र प्राशन केल्याची कथा निघते. प्रश्न वरवर पाहतां बाळबोध आहे. परंतु त्याच्या उत्तरावरून पृथ्वीचें वय काढण्याचा एके काळीं मोठ्या गंभीरपणें प्रयत्न झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल.

धूमकेतूमुळें ज्याचें नांव सर्वतोमुखीं झालें, त्या एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदानें १७१५ सालीं या विषयावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. कास्पियन समुद्र, मृतसमुद्र अशा ज्या जलाशयांतून एकही नदी बाहेर पडत नाहीं, त्यांचें पाणी खारें असतें, हें त्यानें हेरलें. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर याच जातीचें. नदीचें पाणी जिभेस गोड लागलें, तरी खडकांतून झिजून आलेले क्षार त्यांत अल्पांशानें असतातच. उन्हानें पाण्याची वाफ होऊन जाते. क्षार मागें राहतात. महासागर म्हणजे असेंच एक अफाट सरोवर. तेव्हां आज त्याचा खारटपणा मोजावा, कांहीं शतकांनीं पुन्हां मोजावा, आणि वाढीच्या मानानें सागराचें वय काढावें, अशी त्याची योजना होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व रोमन लोकांनीं असें मोजमाप लिहून ठेविलें नाहीं, याची त्यास हळहळ वाटली. पुढील पिढ्यांवर तरी ही पाळी येऊं नये, म्हणून रॉयल सोसायटीनें तशी नोंद करून ठेवावी, अशी त्यानें शिफारस केली.

जॉन जॉली या आयरिश शास्त्रज्ञानें १८९९ सालीं हा हिशेब निराळ्या वाटेनें पुरा केला. सागरांत एकंदर सोडियम किती, आणि नद्या दरसाल त्यांत किती आणून टाकितात, हें काढून त्यानें भागाकार केला. उत्तर आलें आठ ते नऊ कोटी वर्षें. पुढें १९५६ सालीं क्लेअर पॅटर्सन यानें उल्कापाषाणांतील शिशावरून पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें ठरविलें.

मग जॉली चुकला कोठें? त्यानें सागरास कृपण सावकार मानिलें : आलें तें कायमचें तिजोरींत. वास्तविक सागर घेतो तसें परतही करितो. नद्यांतला चुना शंखशिंपल्यांत जातो. कांहीं मीठ तुषारांबरोबर वाऱ्यावर जमिनीकडे येतें. कांहीं तळच्या गाळांत व तापलेल्या खडकांत मुरतें. आणि उथळ आखातें आटलीं म्हणजे मिठाचे थरच्या थर भूमींत गाडले जातात. आज समुद्राच्या पाण्यांत दर हजार भागांस सुमारें ३५ भाग मीठ आढळतें, तें या देवघेवीचें फळ होय.

पाकिस्तानांतील पंजाबांत खेवड्याच्या डोंगरांत जें मीठ सांपडतें, तें अशाच एका लुप्त समुद्राचें. त्याचें वय पन्नास कोटी वर्षांहून अधिक आहे. जॉलीनें सबंध सागरास जेवढें आयुष्य दिलें, त्याच्या पांचपटीहून तें जुनें! उपासाच्या दिवशीं आपल्या स्वयंपाकघरांत येणारें शेंदेलोण तें याच जातीचें. तरी जॉलीस हंसण्याचें कारण नाहीं. मोजून, लिहून, उघड मांडलेली चूक पुढच्यास दुरुस्त करितां येते. जें लिहिलेंच नाहीं, त्यास कोणी काय करावें? हॅलेची हळहळ हीच होती.