एका वेळी एकच

आमच्या सेमाडोहच्या रस्त्याने ज्यांनी एकदा तरी एस्. टी.ने प्रवास केला आहे, त्यांना अरुंद पुलाची रीत ठाऊक असेल. समोरून ट्रक येताना दिसला की आपली गाडी अलीकडेच थांबते. ट्रक पूल ओलांडतो, दोघे ड्रायव्हर एकमेकांना हात दाखवतात आणि मग आपली गाडी पुढे निघते. एकदा शाळेला उशीर होतो म्हणून मी कुरकुरलो, तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "थांबा ना गुरुजी, त्याले पह्यले येऊ द्या. पूल काही पळून नाही जात."

हे वाक्य मला पुन्हा आठवले ते मुंबईच्या आकाशात. भाऊबिजेला ताईकडे जायचे म्हणून नागपूरहून मी विमानात बसलो होतो. विमान खाली आले, घरांची छपरे दिसू लागली, आता चाके टेकणार, तोच इंजिने गरजली आणि विमान पुन्हा वर चढू लागले! सगळे चिडीचूप. थोड्या वेळाने वैमानिकाने सांगितले की, पुढचे विमान अजून धावपट्टीवरच होते. आपण एक फेरा घेऊन उतरू. शेजारचे गृहस्थ संतापले. मी मात्र घट्ट धरलेला खुर्चीचा हात काही सोडला नव्हता. ताईने ओवाळताना विचारले, "एवढा उशीर का रे?" काय झाले ते तिला सांगण्याचा धीर मला झाला नाही. परत आल्यावर मात्र मास्तराची खोड जागी झाली आणि या फेऱ्यामागचा इतिहास मी शोधू लागलो.

मुंबईचे विमान पूर्वी जुहूला उतरे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथेच. सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलासाठी वाढला आणि युद्धानंतर प्रवासी विमाने तिकडे गेली. तिथे धावपट्ट्या दोन आहेत. पण त्या शेजारी शेजारी नाहीत, फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. म्हणजे दोन असूनही एका वेळी कामाची एकच! भोवती कुर्ला-घाटकोपरची वस्ती दाटलेली, त्यामुळे पसरायला जागा नाही. या एका पट्टीवर ताशी ४६ विमानांची चढ-उतार होऊ लागली. वाचकहो, हिशेब करून पाहा : दर ७८ सेकंदांना एक विमान. आमच्या पुलावर दिवसभरात जेवढी वाहने जात नसतील, तेवढी इथे तासाभरात!

८ जून २०२४ रोजी हा हिशेब फार थोडक्यात निभावला. एअर इंडियाचे तिरुवनंतपुरमला निघालेले विमान धावपट्टीवरून धावत होते, अजून उडायचे होते, तोच मागून इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान त्याच पट्टीवर टेकले. पुढचे वेळेत हवेत गेले, मागचे सुखरूप थांबले. कोणाला खरचटलेही नाही. इंडिगोने सांगितले की, वैमानिकाने मनोऱ्याच्या सूचना पाळल्या. एअर इंडियानेही आपल्याला परवानगी होती असे सांगितले. चौकशी लागली आणि मनोऱ्यातल्या नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले. नियंत्रकांच्या संघटनेचे म्हणणे असे की, दृष्टी स्वच्छ असेल तर गजबजलेल्या विमानतळावर दोन विमानांतले अंतर कमी ठेवण्याची मुभा आहे. निवाडा करणारा मी कोण? पण जिथे ७८ सेकंदांत एक विमान बसवायचे, तिथे चूक एकट्या माणसाची म्हणून मोकळे होता येईल काय?

अंतर संपले म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी पाहिले. दिवाळीचेच दिवस होते. संध्याकाळी दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो विमान निघाले; त्याला १४,००० फुटांपर्यंत चढण्याची परवानगी होती. समोरून कझाकस्तानचे विमान दिल्लीला उतरण्यासाठी येत होते. त्याला १५,००० फुटांवर थांबायचे होते. मध्ये उरली हजार फूट हवा. त्या काळी आकाशाचा बराच भाग हवाई दलाकडे होता, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती. दिल्लीच्या रडारला विमानाची उंची दिसत नसे. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आले आणि हरियाणातल्या चरखी दादरीवर दोघांची टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचला नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक विमान उंची सोडून खाली आल्याचे निष्पन्न झाले. इंग्रजी सूचना नीट न समजणे हेही त्यामागचे एक कारण दिसले.

त्यानंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. समोर दुसरे विमान आले तर 'वर जा', 'खाली जा' असे वैमानिकाला आपण होऊन सांगणारे यंत्र प्रवासी विमानांत सक्तीचे झाले. आज आपण निर्धास्त बसतो, त्यामागे त्या ३४९ जणांचे मोल आहे.

पण हे यंत्रही जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर 'वर जा, खाली जा' सांगत नाही. तिथे खाली जायला जागाच कुठे असते? शेवटच्या क्षणी उरतात ती मनोऱ्यातली माणसे, आणि 'मी उतरत नाही' असे म्हणून पुन्हा वर जाणारा वैमानिक. तसा त्याला पूर्ण अधिकार असतो.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे, म्हणजे सांताक्रूझचा भार हलका होईल. आमच्या अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले. आता वऱ्हाडातल्या आयाबहिणीही दिवाळीला त्याच गर्दीच्या आकाशात जाणार. त्यांचे विमान कधी टेकता टेकता पुन्हा वर गेले, तर त्यांनी घाबरू नये आणि वैमानिकावर रागावूही नये.

या वर्षी ताईला मी सगळे खरे सांगणार आहे. ती रागावेल, मग ओवाळणीचे ताट पुढे करील आणि म्हणेल, "उशीर झाला तर झाला. आलास ना?"