बेवारस बॅगांच्या दुकानाची वाटचाल

नवी मुंबईतल्या ऐरोलीतून अमेरिकेला मुलाकडे निघालेल्या आईची बॅग कशी भरली जाते, हे इथल्या कुठल्याही सोसायटीत पाहायला मिळतं. तळाशी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. वर साड्या, नातवंडांचे कपडे. आणि शेवटी काटा २३ किलोंच्या आत राहतो ना, ही धाकधूक. अशी बॅग अमेरिकेतल्या एखाद्या विमानतळावर चुकली आणि तिचा मालक काही केल्या सापडला नाही, तर ती बहुधा अलाबामा राज्यातल्या स्कॉट्सबरो या गावी पोहोचते. गाव जेमतेम १५ हजार वस्तीचं. पण तिथल्या ‘अनक्लेम्ड बॅगेज’ या दुकानात वर्षाला दहा लाखांच्या आसपास माणसं येतात.

दुकान सुरू झालं १९७० मध्ये. डॉइल ओवेन्स हे विमा विकणारे गृहस्थ. वॉशिंग्टनला ट्रेलवेज बस कंपनीकडे बेवारस सामान साठून पडलंय, असं त्यांना कळलं. त्यांनी ३०० डॉलर उसने घेतले, एक पिकअप गाडी मागून आणली आणि पहिली खेप गावी नेली. भाड्याच्या जुन्या घरात पत्त्यांची घडीची टेबलं मांडून विक्री सुरू झाली. पत्नी आणि मुलं मदतीला होती. म्हणजे सुरुवात बसमधल्या सामानापासून झाली. विमान कंपनीशी पहिला करार व्हायला १९७८ उजाडलं. ती कंपनी एअर फ्लोरिडा. पुढे एकेक कंपनी जोडली गेली. १९९५ मध्ये मुलगा ब्रायन यांनी कारभार हाती घेतला. आज दुकानाने शहराचा एक अख्खा चौक व्यापलाय. डॉइल २०१६ मध्ये वारले.

दुसऱ्याचं सामान विकायचं, हे मनाला खटकतं. मलाही खटकलं, म्हणून त्यामागची रीत नीट समजून घेतली. विमान कंपन्या सुमारे तीन महिने मालकाचा शोध घेतात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ मध्ये सामील झाला. त्यानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून प्रवासी भरपाई मागू शकतो. भरपाईची कमाल मर्यादा आता १,५१९ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर आहे. शोध आणि भरपाई उरकल्यावर उरलेल्या बॅगा दुकान न उघडताच, ट्रकच्या ट्रक भरून विकत घेतं. पैसे मिळाले तरी आईची पैठणी परत येत नाही, हे मात्र खरं.

खरं काम ट्रक रिकामा झाल्यावर सुरू होतं. प्रत्येक बॅग हाताने उघडायची, वस्तू निवडायच्या. कपडे दुकानाच्याच मोठ्या धुलाईखान्यात जातात. फोन आणि लॅपटॉपमधली आधीच्या मालकाची माहिती पुसली जाते. दागिन्यांची पारख होते. ढोबळमानाने एक तृतीयांश माल विक्रीला लागतो, एक तृतीयांश गरजूंना दिला जातो, उरलेला पुनर्वापराला किंवा कचऱ्यात जातो. चष्मे, चाकाच्या खुर्च्या, बूट दानात जातात. पालक-कुटुंबांत राहणाऱ्या मुलांसाठी रंगवलेल्या बॅगाही दिल्या जातात. अशा मुलाला घर बदलताना सामान कचऱ्याच्या पिशवीत भरावं लागू नये, हा त्यामागचा विचार. मला या दुकानाचं मोल इथे वाटतं.

सापडलेल्या वस्तूंची यादी मात्र लोक जास्त सांगतात. ४०.९५ कॅरटचा पाचू. एका बॅगेत प्राचीन इजिप्तच्या वस्तू. त्या पुढे ख्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. एफ-१६ विमानाची दिशादर्शक यंत्रणा नौदलाला, आणि अवकाशयानासाठी बनवलेला कॅमेरा नासाला परत केला गेला. ‘लॅबिरिंथ’ चित्रपटातला हॉगल हा बाहुला आजही दुकानाच्या संग्रहालयात उभा आहे.

हरवणं तसं कमी झालंय. २००७ मध्ये हजार प्रवाशांमागे जवळपास १९ बॅगांची गडबड व्हायची. २०२३ मध्ये ती ६.९ वर आली. त्यातल्याही बहुतेक बॅगा काही दिवसांत घरी पोहोचतात. घोळ सर्वांत जास्त होतो तो विमान बदलताना. बाहेरची पट्टी फाटली आणि आत नाव नसलं की बॅग पोरकी होते. म्हणून ऐरोलीकरांनी बॅगेच्या आत, कपड्यांवर, नाव आणि दोन्हीकडचे फोन लिहिलेला कागद ठेवावाच.

बेवारस सामानाचा हा प्रश्न आता आपल्याही दाराशी येणार आहे: ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आपल्याकडे सीमाशुल्क कायदा १९६२, कलम ४८ प्रमाणे ३० दिवसांत न सोडवलेला आयात माल नोटीस देऊन विकता येतो. लिलावात माल गठ्ठ्याने व्यापाऱ्याकडे जातो. कोण काय धुतं, कोण कुणाला देतं, याची नोंद लोकांसमोर येत नाही. नव्या विमानतळावर साठणाऱ्या बेवारस सामानातला निदान चष्म्यांचा आणि चाकाच्या खुर्च्यांचा वाटा लिलावाआधी बाजूला काढून नवी मुंबईतल्या रुग्णालयांकडे आणि वृद्धाश्रमांकडे द्यावा, ही मागणी विमानतळ प्रशासनाकडे आत्ताच, साठा होण्याआधी, करायला हवी.