सिड बॅरेट आणि 'द डॅम्ड': न झालेल्या अल्बमची गोष्ट

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. सिनेमाचा निर्माता म्हटलं की आपल्याला पैसे घालणारा माणूस आठवतो. रॉक संगीतातला निर्माता वेगळा. कुठलं वाद्य किती पुढे ठेवायचं, कुठला टेक ठेवायचा, कधी थांबायचं, हे तो ठरवतो. म्हणजे बँडचा आवाज काही प्रमाणात त्याच्या हातात असतो.

आता १९७७ सालच्या लंडनमध्ये चला. पंकचा जोर आहे. 'सेक्स पिस्टल्स'चा जॉनी रॉटन 'पिंक फ्लॉइड' या नावावर 'आय हेट' असं लिहिलेला टी-शर्ट घालून फिरलेला आहे. लांबलचक गाणी आणि प्रचंड स्टेडियम यांचा या पोरांना राग. त्यांच्यातलाच एक बँड 'द डॅम्ड'. ब्रिटिश पंकचा पहिला सिंगल त्यांचा, ऑक्टोबर १९७६ मधला. पहिला अल्बम निक लोवच्या हाताखाली झाला. आता दुसरा करायचा होता, आणि त्यासाठी त्यांना हवा होता सिड बॅरेट. म्हणजे ज्यानं पिंक फ्लॉइड उभा केला, तोच माणूस!

यात विसंगती वाटते, पण फारशी नाही. डॅम्डच्या मनातला बॅरेट १९६७ चा होता. छोटी, तिरकस, खोडकर गाणी करणारा. फ्लॉइड पुढे ज्या वाटेनं गेला, त्या वाटेवर तो नव्हताच.

पण खरा बॅरेट कुठे होता? मानसिक अवस्था ढासळल्यामुळे १९६८ मध्येच तो बँडबाहेर पडला. १९७० मध्ये दोन एकल अल्बम आले. १९७४ मध्ये पुन्हा स्टुडिओत बसवून पाहिलं, हाती काहीच लागलं नाही. जून १९७५ मध्ये तो अचानक ॲबी रोड स्टुडिओत आला, तेव्हा जुन्या सोबत्यांनी त्याला आधी ओळखलंही नाही.

साहजिकच बॅरेट मिळाला नाही. मिळाला निक मेसन, फ्लॉइडचा ड्रमर. रेकॉर्डिंग झालं ब्रिटानिया रोमध्ये, फ्लॉइडच्या स्वतःच्या स्टुडिओत. 'म्युझिक फॉर प्लेझर' नोव्हेंबर १९७७ मध्ये आला. तो ब्रिटनच्या अल्बम यादीत चढलाच नाही. ड्रमर रॅट स्केबीज बाहेर पडला आणि १९७८ च्या सुरुवातीला बँडच फुटला.

तेव्हापासून चाहते हळहळतात : बॅरेट असता तर! सगळं खापर मेसनवर. पण हा हिशेब बरोबर नाही. याच मेसननं १९७४ मध्ये रॉबर्ट वायटचा 'रॉक बॉटम' केला होता, आणि तो आजही नावाजला जातो. पहिल्या अल्बमनंतर काही महिन्यांतच दुसरा उभा करायचा, म्हणजे हाताशी गाणी कमी असण्याचा धोका होताच. निर्माता गाणी निवडतो, मांडतो. नसलेली गाणी तो कुठून आणणार?

आणि दुसरी बाजू बघा. 'जवळजवळ झालं असतं' असं आपण म्हणतो, ते कुणाच्या बाजूनं? बँडच्या. बॅरेटच्या बाजूनं काहीही जवळ आलेलं नव्हतं. तो पुढे केंब्रिजला परतला, चित्रं काढली, बागकाम केलं, आणि २००६ मध्ये गेला. लोकांना हवा होता तो सिड. तो स्वतः मात्र रॉजर या आपल्या मूळ नावानं राहत होता.

न घडलेल्या इतिहासावर बोलताना एवढं भान ठेवू या. आपल्या 'जर-तर'मध्ये एक आजारी, जिवंत माणूस उभा असतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.