देवळाच्या पायरीपासून कायदेमंडळापर्यंत

वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. अंबेच्या दर्शनाला आलेल्या रुक्मिणीला कृष्णाने इथून नेलं, अशी श्रद्धा. अमरावतीच्या अंबादेवीशीही हीच कथा जोडलेली आहे.

त्याच अंबादेवीचा गाभारा मात्र अस्पृश्य भाविकांना बंद होता. 1927 मध्ये डॉ. पंजाबराव देशमुखांनी तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह उभारला. नोव्हेंबरात याच प्रश्नावर अमरावतीत भरलेल्या परिषदेचं अध्यक्षपद डॉ. आंबेडकरांनी भूषवलं.

पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव वैदिक धर्मावर प्रबंध लिहून विलायतेहून परतले होते. धर्म आतून ओळखणारा हा माणूस पायरीवर थांबला नाही. मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना, 1932 मध्ये त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक आणलं. देवापुढे पडलेला पैसा लोकांच्या शिक्षणाला आणि कल्याणाला लागावा, ही त्यांची धारणा. सनातनी खवळले. वऱ्हाडाने हा विषय तेव्हाच सभागृहात नेला होता. त्याची आठवण आपण फार कमी ठेवली.

1932 मध्येच अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून आजही वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची मुलं शिकतात.